थांबायची जागा

मार्गशीर्षातलं धुकं कंपनीच्या भिंतीला टेकून उभं राहिलं की पलीकडचं काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. भिंतीआड पत्र्याला आकार देणारा मोठा प्रेस आहे. तो थांबून थांबून आदळतो, आणि त्याचा आवाज कानात यायच्या आधी पायाखालच्या मातीत येतो. शालनला त्याची इतकी सवय झाली होती, की सुट्टीच्या दिवशी प्रेस बंद असला म्हणजेच ती दचकायची.

त्या सकाळी पुढं ज्योतीराम चालला होता, पाठीवर फवारणीचा पंप आणि हातात खुरपं घेऊन. मागून शालन नातवाची जुनी बाबागाडी ढकलत येत होती. नातू शाळेत जायला लागल्यापासून बाबागाडी ओसरीला धूळ खात पडली होती, तिच्यात शालननं मेथीच्या जुड्या भरायला सुरुवात केली. वाडीतल्या बाया तिची चेष्टा करायच्या.

"काय गं शालन, बाळ झोपलं का?"

"झोपतंय कशाचं. चाकणच्या बाजारला निघालंय," ती म्हणायची.

खरं म्हणजे बाबागाडीच्या दांडीवर ओणवं होऊन चाललं की तिला बरं वाटायचं. रिकाम्या हातानं ताठ चाललं, की थोड्याच वेळात ढुंगणापासून टाचेपर्यंत दोन्ही पायांत मुंग्यांची रांग लागायची, पाय लाकडाचे व्हायचे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. साठीच्या बाईचे पाय दुखतात यात सांगण्यासारखं काय, असं तिला वाटायचं.

वाट वाडीतल्या भाड्याच्या खोल्यांच्या मागून निघते, ट्रेलर उभे करायच्या मैदानाच्या कडेनं जाते आणि मग कंपनीच्या भिंतीला चिकटून ओढ्यापर्यंत. ओढ्याकाठची चिंचोळी पट्टी तेवढी आता त्यांची होती. बाकीचं सगळं रान भिंतीच्या आत गेलं होतं. रानाबरोबर बांधावरची बोराटी आत गेली. बोराटीखालचा म्हसोबा मात्र ठेकेदारानं आत घेतला नाही. जेसीबीच्या दातांत धरून त्यानं तो दगड बाहेर आणला आणि भिंतीला पाठ लावून वाटेकडं तोंड करून बसवला.

ज्योतीराम त्या दगडासमोर आला आणि थांबला.

दिवाळीपासून तो रोज इथंच थांबायचा. आधी पाऊल जड पडायचं, मग डावी पोटरी आवळत आवळत दगडासारखी व्हायची, आणि नेमकं शेंदराचं तोंड समोर आलं की तो खांबासारखा उभा. बसायचा नाही, वाकायचा नाही, पाठीवरचा पंपसुद्धा उतरवायचा नाही. पंपातलं पाणी थोडा वेळ डुचमळायचं आणि तेही निवांत व्हायचं. मग कुणीतरी पाठीवरून हात काढावा तसे त्याचे खांदे खाली यायचे.

"सोडलं," तो म्हणाला.

तो उभा होता तेवढ्या वेळात शालन बाबागाडीजवळ उकिडवी बसली होती. उभ्यानं वाट बघणं तिला जमायचं नाही.

"तू कशापायी बसतीस गं?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"पाय भरत्यात."

"माझं उभं ऱ्हायलं की जातंय."

"माझं न्हाई जात. बसल्याबिगर न्हाई जात."

 धुक्यातून दोघं पुढं गेली.

चाकणच्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं. त्यांचा मुलगा रविराज, ट्रेलरचं मैदान तोच सांभाळायचा, दोघांनाही एकाच दिवशी गाडीत घालून घेऊन गेला होता. दोघांना यंत्राच्या बोगद्यात झोपवलं, दोघांचे फोटो काचेवर लावले. डॉक्टर म्हणाले, वय झालं, मणक्यात गॅप आहे. दोघांनाही. दोघांना कमरेचे पट्टे मिळाले, एकाच मापाचे. घरी ते एकाच खुंटीवर टांगलेले असायचे. पट्ट्यानं शालनला जरा आधार वाटला. ज्योतीरामची पोटरी मात्र तो बांधून चाललं तरी आवळायची ती तिथंच, त्या दगडासमोर.

"डाक्टरला काय म्हाईत म्हसोबा," ज्योतीराम म्हणाला, आणि एका दुपारी बबनरावांना घरी घेऊन आला.

बबनराव भोसरीला कंपनीत मशीनवर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या अंगात वारं यायचं, आधी रविवारी यायचं, आता कुठल्याही दिवशी. बुटके, स्वच्छ, खिशाला दोन पेनं. त्यांनी आधी चहा घेतला. मग ज्योतीरामला वाटेवर चालवत नेलं आणि स्वतः बाजूला उभे राहून बघू लागले. ज्योतीराम थांबला. शालन बसली. बबनराव बराच वेळ दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. त्यांचं बघणं मोठं बारीक होतं, शालनला ते आवडलं नाही.

"जोतीराम, ह्यो बसवत न्हाई तुला," ते म्हणाले. "उभा करतोय. ध्यानात आलं का? बाईला वाकवतोय. बाई वाकली की खूश, गाडीवर वाकून चालली तर काय करत न्हाई तिला. ताठ झाली की धरतो."

"व्हय," ज्योतीराम पुटपुटला.

"तुझं रान गेलं. राखणदाराचं रान गेलं तर त्यानं राखायचं काय? मग त्यानं तुला राखणीला लावलाय. वॉचमन केलाय तुला. तुझी ड्युटी लागली, भावा, आन ती उभ्यानंच करायची असती."

"मग सुटका?"

"येत्या अवसेला अनवाणी उभा ऱ्हा दिवस मावळंस्तवर. नारळ, दहीभात. बिडी ठेव एक. त्येला बिडी चालती."

ज्योतीरामच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते शालन विसरू शकली नाही. तो घाबरला नव्हता. त्याला बरं वाटलं होतं. रान कंपनीला देताना त्यानंच अंगठा उठवला होता, आणि त्यानंतर कुणी त्याला एका शब्दानं बोललं नव्हतं. ना भाऊ, ना पोरगा. आता कुणीतरी बोललं होतं.

त्याच आठवड्यात खुरप्याचं टोक त्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लागलं. जखम नखाएवढी होती. हळद भरली, चिंधी बांधली. रक्त फारसं आलंच नाही. दिवस गेले तरी ती भरेना. कडा आधी निळी पडली, मग जांभळी, मग जळक्या कोळशासारखी. पाऊल हातात घेतलं तर पावसात राहिलेल्या दगडासारखं गार लागायचं. रात्री तो पाय खाटेखाली लोंबता ठेवून झोपायचा. म्हणायचा, खाली सोडला की बरं वाटतं.

अंगठा पहिल्यांदा नीट बघितला तो सुनेनं. स्नेहल एका कंपनीत क्वालिटीला होती. तयार झालेला माल हातात घेऊन त्यात खोट कुठं आहे ते शोधायचं, हेच तिचं काम. तिनं चिंधी सोडली, पाऊल उजेडाला धरलं, आणि रविराजला फोन लावला.

"आण्णा, उद्या पिंपरीला जायचं. आई, तुम्ही पण."

"माझं काय?"

"तुम्ही पण," स्नेहल म्हणाली.

पिंपरीच्या दवाखान्यातली डॉक्टर वयानं लहान होती. दारावर नुसतं डॉ. मैत्री इतकंच शालनला वाचता आलं, पुढचं आडनाव पुसलं होतं. तिनं चाकणचे फोटो बघितले आणि बाजूला ठेवले.

"बाबा, चालताना दुखायला लागलं की तुम्ही काय करता?"

"थांबतो."

"थांबून बसता?"

"न्हाई. उभा ऱ्हातो. उभ्यानंच जातंय."

"चढावर?"

"चढावर लौकर धरतंय."

"सायकल?"

"सायकलीवर बी धरतंय. म्हनून सोडली."

"आमचं येगळं," शालनच्या तोंडून निघून गेलं. "मला बसावंच लागतंय. आन चढ चढताना काय व्हत न्हाई, उतार उतरताना व्हतंय." मग तिला लाज वाटली. "आता मला कोन इचारतंय म्हना."

"मी विचारतेय की," डॉक्टर खुर्ची फिरवून म्हणाली. "वाकून चाललात तर?"

"बाबागाडी धरली तर पार तळेगावपत्तुर जाईन."

डॉक्टर हसली. मग तिनं दोघांना शेजारी शेजारी झोपवलं आणि चारही पावलं उघडी केली. शालननं मान उचलून बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नवऱ्याचं पाऊल आपल्या पावलाशेजारी असं तिनं कधी बघितलं नव्हतं. त्याच्या नडगीवर केस उरले नव्हते. कातडी मेणासारखी ताणलेली, चकचकीत. ते पाऊल त्याच्या अंगाचं वाटत नव्हतं.

डॉक्टरनं शालनच्या पावलावर वरच्या बाजूला दोन बोटं टेकली, मग शालनचंच बोट धरून तिथं ठेवलं. "लागतंय?" आतून काहीतरी बोटाला ढकलत होतं, पिलानं चोच मारावी तसं. "आता इथं." शालनचं बोट ज्योतीरामच्या पावलावर आलं. तिथं काही नव्हतं. तिनं दाबून बघितलं. कातडी, खाली हाड. बस.

मग डॉक्टरनं पेनासारखं एक यंत्र घेतलं. ते शालनच्या घोट्याशी लावलं आणि खोलीभर आवाज झाला. फुसऽ, फुसऽ, फुसऽ. मोटार चालू केल्यावर पाइपातून पाणी हिसके देत यावं तसा. शालनला अंग चोरावंसं वाटलं. आपल्या आतलं इतकं मोठ्यानं सगळ्यांपुढं बोलतंय, हे तिला नागडं वाटलं. यंत्र ज्योतीरामच्या घोट्याशी गेलं. डॉक्टरनं ते इकडं सरकवलं, तिकडं सरकवलं. रिकाम्या विहिरीच्या तोंडाशी कान लावल्यावर जी घूं येते ती आली. बाकी काही नाही. ज्योतीराम छताकडं बघत जिवंत पडला होता.

"तुमचं मणक्याचंच आहे," डॉक्टर शालनला म्हणाली. "नसांना जागा कमी पडते, वाकलं किंवा बसलं की जागा होते. त्याला व्यायाम आहे, घाई नाही. बाबांचं मणक्याचं नाही. त्यांच्या पायाची रक्तवाहिनी बंद पडत आलीय. चालताना पोटरीला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही. उभे राहिले की मागणी कमी होते, म्हणून दुखणं थांबतं."

"मग मी म्हसोबापाशीच का थांबतो?" ज्योतीरामनं छताला विचारलं.

"घरापासून तिथपर्यंतच रक्त पुरतं, बाबा. दुसऱ्या वाटेनं गेलात तर दुसरीकडं थांबाल."

"दुसऱ्या वाटंनं मी जात न्हाई."

 मग डॉक्टरनं रविराजला आणि स्नेहलला समोर बसवून सांगितलं, शालनलाही ऐकू यावं असं. अंगठा काळा पडायला लागलाय. या आठवड्यात दाखल करा, जांघेतून तार घालून वाहिनी उघडायचा प्रयत्न करू. उशीर झाला तर आधी बोट जाईल, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. बिडी आजपासून बंद.

 परतताना गाडी वाडीच्या फाट्याला आल्यावर ज्योतीराम म्हणाला, "अवस झाल्याबिगर मी कुठं येनार न्हाई."

"आण्णा, पाय जाईल," रविराज म्हणाला.

"रान गेलं तवा तू काय म्हनला व्हतास? जाऊ द्या म्हनला व्हतास."

रविराजनं गाडीचा वेग वाढवला.

शेवटी स्नेहलनं कसंबसं त्याला राजी केलं. दाखल व्हायच्या आदल्या दुपारी ज्योतीराम ओसरीवर खाटेवर झोपला होता. तोंडावर टॉवेल. डावं पाऊल खाटेबाहेर लोंबत होतं. शालन जुड्या बांधत बसली होती. हातातला सुतळीचा तुकडा खाली ठेवून ती खाटेजवळ सरकली. डॉक्टरनं दाखवलेल्या जागी तिनं अंगठा ठेवला आणि दाबला. काही नाही. आणखी दाबला.

टक्. टक्. टक्.

 पुन्हा दाबला. होतं. बारीक होतं, पण होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आवो," तिनं त्याला हलवलं. "आवो, उठा. चालू झालं. तुमच्या पायात चालू झालंय."

ज्योतीराम उठून बसला. तिचं तोंड बघून त्याला कळलं की ती खोटं बोलत नाही. तो भिंतीच्या दिशेला वळला. मग हात जोडले. "सोडतोय त्यो. बबनराव म्हनला व्हता. ड्युटी पुरी झाली की सोडंल."

संध्याकाळी रविराज आला तेव्हा त्यानं सांगून टाकलं, उद्या यायचं नाही. "तुझ्या आईला इचार. तिनं हात लावून बघितलंय." शालननं मान हलवली. स्नेहल अंगठ्याकडं बघत म्हणाली, "आई, हा तर कालच्यापेक्षा काळा आहे." पण शालनच्या बोटाला जे लागलं होतं ते तिच्या बोटाला लागलं होतं, त्यापुढं स्नेहलचं ऐकावंसं तिला वाटलं नाही. दवाखान्याचा दिवस मेथी उपटण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मंगळवारी म्हसोबाला शेंदूर लावायचा त्यांचा रिवाज. ज्योतीराम घरीच होता, अंगठा ठणकत होता म्हणून. शालन एकटी आली, बाबागाडीत तेलशेंदराची वाटी ठेवून. धुकं दाट होतं. वर सूर्य होता पण तो कुठं आहे ते कळत नव्हतं. तिनं शेंदूर अंगठ्यावर घेतला आणि दगडाच्या कपाळावर टेकवला, आणि जुना थर खाली गेला पाहिजे म्हणून दाबला.

टक्. टक्. टक्.

तिनं हात मागं घेतला. दगड तसाच होता. डोळ्यांच्या जागी लावलेल्या पितळी वाट्या तिच्याकडं बघत होत्या.  प्रेस असेल, तिला वाटलं. पण प्रेस मंद पडतो, एकदा पडला की माणूस आवंढा गिळून पुन्हा बोलायला लागेल इतका वेळ जातो. हे लगबगीचं होतं. तिनं धीर करून पुन्हा अंगठा टेकवला. दाबला. दगड तिच्या अंगठ्याखाली जिवंत होता.

ती दचकून बाजूला झाली ती भिंतीवर आदळली. आधाराला भिंतीवर हात गेला, अंगठा सिमेंटवर दाबला गेला, आणि भिंतीतही ते होतं. टक्. टक्. टक्. आता जरा जास्त भरभर.

शालन तशीच उभी राहिली. पायांत मुंग्या यायला लागल्या तरी बसली नाही. मग ती बाबागाडीपाशी आली आणि प्लॅस्टिकच्या दांडीवर अंगठा दाबला. होतं. शेंदराच्या वाटीवर दाबला. वाटीतही होतं. धुक्यात ती एकेका वस्तूला अंगठा लावत फिरली, खुणेचा दगड, लोखंडी खांब, गाडीत राहिलेली मेथीची जुडी. मेथीत नव्हतं, मेथी मऊ होती. जिथं जिथं खाली घट्ट होतं तिथं तिथं तेच ठोकत होतं. शेवटी तिनं दुसरा हात आपल्या गळ्याशी नेला. गळ्यातलं आणि अंगठ्यातलं एकाच वेळी पडत होतं.

ते तिचंच होतं. नवऱ्याच्या पावलावर तिला लागलं ते तिचंच होतं.

ती खाली बसली. तिच्या अंगठ्याचा शेंदूर सगळ्या वस्तूंवर उमटला होता, भिंतीवर, खांबावर, बाबागाडीवर. एक दिवस वाया गेला होता आणि तो तिनं घालवला होता.

घरी येऊन तिनं ज्योतीरामला सांगितलं तेव्हा तो हसला.

"दगडात बी लागलं? मग बरंच की. म्हंजे दोन्हीकडं त्योच हाय."

"आवो, वाटीत बी लागलं. वाटीत कोन बसलंय?"

"तुला काय कळतंय."

ती त्याच्या पायाशी बसली.  मग म्हणाली, "एक करा. उद्या पलीकडनं जाऊ. रव्या आपल्याला रोडवर कंपनीच्या गेटापाशी सोडंल. तिकडनं ओढ्याच्या कडंनं यायचं. आदी आपली पट्टी लागंल, मग म्हसोबा. तुमाला म्हसोबा थांबवत आसंल तर म्हसोबापाशी थांबाल, त्याच्या आदी न्हाई. थांबला तिथं तर मी गप बसंन. अवसेला मीच दहीभात करीन."

"आन न्हाई थांबलो तिथं तर?"

"तर पिंपरीला."

ज्योतीरामनं विचार केला. त्याला त्यात आपली हार कुठंच दिसली नाही. "चल," तो म्हणाला.

सकाळी रविराजनं त्यांना तळेगाव रोडला गेटासमोर उतरवलं आणि तो डिझेल भरायला गेला. पहिल्या शिफ्टच्या बसा आत जात होत्या, माणसांची तोंडं काचेमागं झोपेत होती. घाईत बाबागाडी घरीच राहिली होती. शालनच्या हातात काही नव्हतं.

गेटाच्या बाजूनं एक कच्ची वाट ओढ्याकडं उतरते. ज्योतीराम पुढं झाला. पंप नव्हता, खुरपं नव्हतं, तरी तो रोजच्यासारखाच खांदा वाकवून चालत होता. मध्येच मागं बघून म्हणाला, "बघ, काय झालंय का? काय न्हाई झालं." वाट ओळखीची नव्हती, पण दिशा ओळखीची होती. धुक्यापलीकडं कुठंतरी त्यांची पट्टी, तिच्यापलीकडं दगड.

वाटेला एका बाजूला कंपनीनं टाकलेल्या फुटक्या लाकडी फळ्या आणि थर्माकोलचा ढीग होता. दुसऱ्या बाजूला रस्त्याच्या कामाची खडी ओतून ठेवलेली होती. झाड नव्हतं. देऊळ नव्हतं. तिथं त्याचं पाऊल जड पडलं. शालननं ते मागून बघितलं. टाच घासली, पुन्हा घासली. आणि तो थांबला.

खांबासारखा.

 ज्योतीरामनं मान वळवून एका बाजूला बघितलं, मग दुसऱ्या.

"हितं काय हाय?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई."

"बघ की नीट. कायतरी आसंल. लिंबू, दोरा, कायतरी."

ती ढिगापाशी गेली. फळ्या उचलून बघितल्या. थर्माकोलचे तुकडे बाजूला केले. खाली ओली माती होती, एक फाटका हातमोजा होता. "काय न्हाई," ती पुन्हा म्हणाली.

"पुरलेलं आसंल."

"आवो, रव्या म्हनला, आठवड्यामागं ही वाट बी नव्हती. परवा खडी टाकलीय हितं."

ज्योतीराम उभाच होता. पोटरी हातानं दाबत होता आणि धुक्यात बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. म्हसोबासमोर त्याला कधी घाम आला नव्हता. तिथं त्याच्यासमोर डोळे असायचे, तोंड असायचं, कशासाठी थांबवलंय ते ठाऊक असायचं. इथं खडी होती.

"मग मला कुनी धरलंय?" तो हळूच म्हणाला.

 रस्त्यावरून ट्रेलर गेला, त्याचा उजेड धुक्यात पसरला आणि विझला.

"शालन, कुनी धरलंय मला?"

"कुनीच न्हाई," ती म्हणाली.

ज्योतीराम हळूच ओणवा झाला. खडीतून त्यानं एक दगड उचलला, मुठीपेक्षा मोठा, एका बाजूनं सपाट. शर्टाच्या टोकानं त्याच्यावरची भुकटी पुसली. मग ढिगाच्या कडेला नजर टाकली, कुठं उभा राहील ते बघितलं. 

"काय करताय?"

"ठिवतो," तो म्हणाला. "हितं कुनी न्हाई आसं कसं. बरं न्हाई दिसत."

"ठिवू नका."

"येवढाच."

"आज ठिवलात तर मंगळवारी शेंदूर आनावा लागंल. मंगळवारी तुमचा पाय आसंल का न्हाई, म्हाईत न्हाई मला." ती त्याच्यापाशी आली. तिचे स्वतःचे पाय आता लाकडाचे झाले होते, तिला उभं राहवत नव्हतं. "द्या हिकडं."

त्यानं दगड दिला नाही. छातीशी धरून उभा राहिला, पोर धरल्यासारखा. पोटरीतली गाठ सुटत होती. तिला ते त्याच्या खांद्यांवरून कळलं, खांदे खाली आले. पण या वेळी तो सोडलं असं म्हणाला नाही. कुणी सोडलं हे सांगायला तिथं कुणी नव्हतं.

"गेलं का?" तिनं विचारलं.

"गेलं."

"आपोआप?"

 मग त्यानं दगड तिच्या हातात दिला.

शालन खडीच्या ढिगावर बसली. दगड तिनं आडवा, सपाट बाजू खाली करून इतर दगडांत ठेवला आणि वरून मूठभर खडी लोटली. ज्योतीराम ती काय करते ते बघत होता. ढिगावरून थोडी खडी घसरली. त्यानंतर कुठला दगड होता ते त्यालाही ओळखता आलं नसतं, तिलाही नाही. तरी दोघंही काही वेळ शोधत राहिली.

"रव्याला फोन कर," ज्योतीराम शेवटी म्हणाला.

"काय सांगू?"

"गाडी आन म्हनावं. पिंपरीला जायाचंय." त्यानं धुक्यात एकदा पुढं बघितलं, त्यांच्या पट्टीच्या दिशेला. "आन हितंच ये म्हनावं. मी म्होरं येत न्हाई, मागं बी येत न्हाई."

शालननं कमरेच्या पिशवीतून फोन काढला. रविराजनं विचारलं, कुठं आहात. तिनं आजूबाजूला बघितलं, सांगण्यासारखी खूण कुठंच नव्हती.

"गेटापासून ओढ्याकडं उतर," ती म्हणाली. "आण्णा उभे हायत. दिसतील तुला."